रानातली चूल : मीठ किती, कुठलं आणि कशात?

थंडी पडायला लागली की गोव्यातल्या शाळांच्या शिबिरांची गडबड सुरू होते आणि या सदराचं टपाल वाढतं. यंदा तंबू, दोऱ्या, पाण्याचे कॅन राहिले बाजूला. बहुतेकांनी विचारलंय ते मिठामसाल्याचं. मला याचा फार आनंद झाला. रानात भाजी कमी पडली तर माणसं सांभाळून घेतात. मीठ विरघळून गेलं किंवा आमटीत दुप्पट पडलं, तर मात्र अख्खं शिबिर अर्धपोटी झोपतं. म्हणून हा अंक मिठामसाल्यालाच दिला आहे.

प्रश्न : बाई, आमची वीस मुलं आणि आम्ही चार शिक्षक डिसेंबरात सांगे तालुक्यात एका बागायतीत शिबिराला जाणार आहोत. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी दुपारी जेवून निघायचं. चूल लाकडांची, स्वयंपाक मुलंच करणार. मागच्या वेळी मिठाची पिशवी फुटून ओलं मीठ पिठात मुरलं. मीठ किती न्यावं आणि कशात न्यावं? — स्काउट शिक्षक, पेडणे

उत्तर : सर, आधी हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तुमचा मुक्काम धरा दोन दिवसांचा : दोन न्याहाऱ्या, चार जेवणं. चोवीस माणसं, दोन दिवस, पाच ग्रॅम, म्हणजे २४० ग्रॅम. पाव किलोत सगळं बसलं. किलोची पिशवी न्यायची काहीच गरज नाही. हाताशी जास्त मीठ असलं की मुलांचा हात सैल सुटतो.

या पाव किलोतूनही अजून कमी होईल. माझा आग्रह असा, की मीठ मोजायला घेण्याआधी बाकीच्या सामानातलं मीठ मोजा. तुम्ही खारातली तोरं (मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्या) नेणार असाल, लोणचं, पापड, फरसाण असेल, मासे खाणाऱ्यांसाठी सुकी सुंगटं (कोळंबी) किंवा खारे बांगडे असतील, झटपट नूडल्सच्या मसाल्याच्या पुड्या असतील, तर त्या प्रत्येकात मीठ आहेच. ज्या जेवणाला पेज आणि चेपणीची तोरं, त्या जेवणाचं सुटं मीठ निम्मं करा. तोरांचा खारही ओतून टाकू नका. कुळथाच्या सारात तो दोन-तीन पळ्या घातला की मीठही लागलं आणि आंबटपणाही आला. आपल्या आज्यांनी पावसाळ्यासाठी जे जे खारवून ठेवलं, ते प्रवासात मीठ वाहून नेण्याचं सगळ्यांत भरवशाचं साधन आहे. सुटं मीठ सांडतं, ओलं होतं. तोरातलं मीठ तोरातच राहतं.

आता पुड्या. डबाभर मीठ आणि एक चमचा असं नेऊ नका. घरी काट्यावर मोजून जेवणागणिक एक पुडी बांधा. तुमच्या आकड्याला मुख्य जेवणाची पुडी पन्नास ग्रॅमच्या आतली, न्याहारीची त्याच्या निम्मी. पुडीवर शिसपेन्सिलीने लिहा : ‘शनिवार दुपार, डाळ व भाजी’. शाई ओलाव्याने पसरते, पेन्सिल टिकते. कागद दुहेरी घ्या. जमलं तर सुकवलेल्या केळीच्या पानात बांधून वर केळीच्याच सोपाची (खोडाच्या सालीची) दोरी घाला; ही पुडी मुलांना बांधायला शिकवण्यासारखी आहे. सगळ्या पुड्या रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा. आचाऱ्याच्या ओल्या हातात बरणी जायलाच नको. एकाने पुडी काढून द्यायची आणि झाकण लगेच लावायचं. पाच-सहा चमचे मीठ वेगळ्या छोट्या बाटलीत राखीव ठेवा, ते फक्त शिक्षकाकडे.

पुडीतलं सगळं मीठ एकदम भांड्यात ओतायचं नाही, हे मुलांना बजावून सांगा. आधी दोन तृतीयांश. उरलेलं उकळी आल्यावर, चव घेऊन.

तुमची पिशवी फुटली त्यालाही कारण आहे. खड्याच्या मिठाला धारदार कोपरे असतात, पातळ प्लास्टिकला ते आतून टोचत राहतात. त्यात मीठ सामानाच्या तळाशी, वर भांडी आणि तांदूळ. मीठ पिठासोबत किंवा साखरेसोबत एका थैलीत कधीच भरू नका. त्याची जागा पाठपिशवीच्या बाहेरच्या खिशात, हाताला पटकन लागेल अशी. आणि ॲल्युमिनियमचा डबा नको. ओलसर मीठ ॲल्युमिनियमला खातं, पांढरी पूड सुटते. स्टीलवरही दिवसेंदिवस ओलं मीठ राहिलं की बारीक खड्डे पडतात. काच चांगली, पण मुलांच्या पाठीवर काच नको.

प्रश्न : आम्ही पुरुमेताला (पावसाळ्याच्या साठवणीला) आगराचं, म्हणजे मिठागराचं, जाडं मीठ घेतो. ते शिबिराला न्यावं की पाकिटातलं बारीक? आगराचं मीठ लगेच पाझरतं. — एक गृहिणी, रायबंदर

उत्तर : दोन्ही न्या, पण वेगवेगळ्या कामांना.

तुमचं मीठ पाझरतं ते का, हे आधी सांगते. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. आपल्या आगराच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. गोव्याच्या हवेत इतका कोरडेपणा मिळायचा कुठे? शिवाय शिबिरं डिसेंबरात, तेव्हा रात्री दव पडतं. तंबूबाहेर राहिलेली पुडी सकाळी मऊ झालेली असते. तो किंचित कडवटपणा आणि तो ओलावा, दोन्ही या मॅग्नेशियममुळेच. नुकतं काढलेलं मीठ राशीत पडून राहिलं की हे पाणी हळूहळू निथळून जातं. म्हणून शिबिरासाठी यंदाचं नव्हे, गेल्या मोसमाचं मीठ घ्या. ते कोरडं असतं आणि चवीला गोडसर लागतं.

न्यायच्या आदल्या दिवशी ते भाजा. जाड बुडाची कढई किंवा मातीची खापरी घ्या, लोखंडी तवा नको, त्याला गंज चढेल. आच मध्यम ठेवा. थोड्याच वेळात मीठ तडतडायला लागेल, खडे उडतील, म्हणून वर जाळी किंवा सैल झाकण धरा. खड्यांच्या पोटात कोंडलेलं खारं पाणी तापून फुटतं, तोच हा आवाज. तडतड थांबली की खाली उतरवा. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट मीठ बरणीत भरलं तर वाफ झाकणाला लागते आणि सगळी मेहनत फुकट जाते. गार झालं की निम्मं खलात कुटा, निम्मं खडेच ठेवा. हे मीठ कायमचं कोरडं राहणार नाही, पण दोन-तीन दिवस नक्की साथ देईल.

पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ मात्र भाजू नका. उष्णतेने आणि ओलाव्याने आयोडीन कमी होतं. रोजच्या जेवणाला मी तेच वापरायला सांगेन, कारण समुद्राच्या मिठात नैसर्गिक आयोडीन नगण्य असतं आणि वाढत्या वयाच्या मुलांना ते हवं असतं. आपल्या देशात थेट खाण्यासाठी विकायचं मीठ आयोडीनयुक्तच असावं, असा नियम २००६ पासून आहे. तेव्हा डाळभाजीला पाकिटातलं. मासळी धुवायला, कैरी चोळायला, भाजलेल्या कणग्यांच्या कंदांवर भुरभुरायला आगराचं.

आणि आगराचं मीठ घेत राहा. आगरवाडा, हडफडे, नेरूल, शिरदोन, बाती, तुमचं रायबंदर : या गावांच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) भरतीचं पाणी मानसातून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, उथळ वाफ्यांत उन्हावर आटवायचं आणि पावसाआधीच्या तीन-चार महिन्यांत वर्षाचं पीक काढायचं, हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. आता आगरं ओस पडत चालली आहेत. त्या उन्हात पाय भाजून घेणाऱ्यांना पाकिटाइतकाही भाव मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना शिबिराला नेताय ना? एप्रिलमध्ये एक दिवस आगरावरही न्या. मीठ खरवडून ढीग लावताना बघितलं की पुडी मोजून का बांधायची ते सांगावं लागत नाही.

प्रश्न : जुनी माणसं बांबूच्या नळीत मीठ न्यायची म्हणे. मुलांकडून करून घेता येईल का? — शिक्षिका, केरी-सत्तरी

उत्तर : येईल, आणि करून घ्याच. बांबू वाळलेला हवा. हिरव्या बांबूत रस असतो. दोन दिवसांत आत बुरशी धरते आणि मिठाला वास लागतो. अंगठ्याहून थोडं जाड पेर निवडा. खालची गाठ राखून तिच्या खाली करवत लावा, वरची गाठ काढून टाका. मग एका बाजूला तळ आणि दुसऱ्या बाजूला तोंड असलेली नळी मिळेल. आतलं पातळ पापुद्र्यासारखं अस्तर काठीला फडकं गुंडाळून घासून काढा, नळी दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. बूच हलक्या लाकडाचं तासायचं, थोडं निमुळतं, म्हणजे दाबलं की बसतं. नारळाच्या सोडणाचं बूच नको, ते ओलावा धरतं.

मुलांना एक गोष्ट दाखवा : नळीला तोंडाजवळ दोन बाजूंनी खाचा पाडून दोरी बांधली की ती कमरेला लटकवता येते. चुलीपासून हातभर अंतरावर टांगली तर मीठ कोरडं राहतं. घरोघरी मिठाचं भांडं चुलीच्या उबेला असायचं ते यासाठीच. तळहाताएवढ्या नळीत चार-पाच माणसांचं दोन दिवसांचं मीठ सहज मावतं.

प्रश्न : आमच्या गटात काही मुलं शाकाहारी, काही मासे खाणारी. मसाले कसे न्यावेत? खोबरं टिकत नाही, वाटणाला पाटा नाही. — पालक, मडगाव

उत्तर : खोबरं फोडून, खवून न्यायचंच नाही. अख्खा नारळ हा देवाने दिलेला बंद डबा आहे, तो तसाच न्या. तिथे फोडा, खवा आणि त्याच जेवणात संपवा. खवणी जड वाटत असेल तर घरी खोबरं किसून, तेल न घालता मंद आचेवर तांबूस भाजा. त्यातच धणे, मिरी, सुक्या मिरच्या, हळद भाजून कोरडंच दळा, पाण्याचा थेंब नको. हे वाटण दोन-तीन दिवस टिकतं आणि शाकाहारी तोंडाकाला (कडधान्याच्या आमटीला), मुगाच्या गाठींना (मोड आलेल्या मुगाच्या नारळातल्या भाजीला), कशालाही चालतं. यात मीठ मात्र मिसळू नका. मीठ ओलावा ओढतं, मसाल्याची गुठळी होते, आणि मग खारट कमी करायचं म्हटलं तर तिखटही कमी होतं. मीठ आणि मसाला रानात भांड्यातच भेटले पाहिजेत.

मिरची आपल्याकडचीच न्या. हरमलची किंवा काणकोणातली खोल्याची, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मुलांसाठी अख्खी मिरची घाला आणि वाढायच्या आधी काढा. पूड घातली की परतीची वाट नसते.

माशांसाठी लाल मसाला न्यायचा तर तो माडाच्या सुरेच्या व्हिनेगरातच वाटलेला हवा, पाणी न घालता. व्हिनेगर आणि मीठ मिळून तो राखतात. बाटली काचेची, छोटी, फडक्यात गुंडाळलेली, आणि ती मोठ्या माणसाच्या पिशवीत. इथेही ॲल्युमिनियम बाद. या मसाल्यातलं मीठ पुडीतून वजा करायला विसरू नका.

तिरफळं तर न्यावीतच. वजन काहीच नाही, सुकवलेली वर्षभर राहतात. आतली काळी बी कडू असते, ती घरीच काढून टाका, फक्त टरफलं न्या. ती वाटायची नाहीत. हलकी ठेचून, जेवण उतरवायच्या जरा आधी टाकायची. मुगाच्या गाठींत घालून बघा, लाकडाच्या धुराच्या वासाबरोबर तिरफळाचा वास काय सुरेख मिसळतो! सोलं (आमसुलं) वेगळ्या डब्यात. ती ओलसर असतात आणि बाजूच्या पुड्यांना रंगवतात.

हिंग, मोहरी, जिरं : प्रत्येकी एक छोटी पुडी पुरे.

प्रश्न : चढावर मुलांना घाम आला की आम्ही चिमूटभर मीठ चाटायला देतो. बरोबर आहे का? — ट्रेकिंग गटाचे आयोजक, फोंडा

उत्तर : नुसतं मीठ चाटवू नका. तहान वाढते, रिकाम्या पोटी मळमळतं. घाम आला तर आधी पाणी, मग सावलीत बसून काहीतरी खाणं. पेज सगळ्यांत छान : पाणी, भात आणि मीठ एकत्र जातं. कुणाला उलट्या-जुलाब झाले तर औषधाच्या दुकानातली ओआरएसची पाकिटं सोबत असलीच पाहिजेत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने सारखा केलेला. मीठ जास्त पडलं तर मुलाला अपाय होतो. म्हणून हे माप बरणीच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवा. आणि मूल पाणीही ठेवत नसेल किंवा गळून गेलं असेल तर शिबिर बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

प्रश्न : पावसात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी नेतात, ती खरंच उपयोगी असते का? — कॉलेज विद्यार्थी, डिचोली

उत्तर : काठीला बांधलेली पुरचुंडी बुटावरून चढणाऱ्या जळवेला टेकवली की ती गळून पडते, एवढा उपयोग खरा. पण चावून बसलेल्या जळवेवर मीठ टाकू नये. ती पोटातलं जखमेत ओकू शकते. नख तिच्या तोंडाच्या बाजूने सरकवून तिला सोडवावं, जखम धुवावी, दाबून धरावी. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नये. हे मीठ स्वयंपाकाच्या बरणीतलं नको. वेगळं, खूण केलेलं.

प्रश्न : आजोबा सांगायचे की लमाणांचे तांडे चोर्ल्याच्या बाजूने मीठ घाटावर न्यायचे. ते पाझरून जात नसे? — वाचक, वाळपई

उत्तर : बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी, तिच्यात मीठ, उतरताना धान्य, चढताना मीठ, असा तो व्यापार. तांडे चालायचे पाऊस सरल्यावर, कोरड्या दिवसांत. आणि गोणीचा एक गुण असा की पाझरलेलं पाणी विणीतून खाली गळून जातं, मीठ स्वतःच्याच पाण्यात बसत नाही. बंद डब्यात नेमकं उलटं होतं. तुम्हाला कधी आठवडाभराचा मुक्काम करायचा असेल तर हीच युक्ती वापरा : जाडं मीठ जाड विणीच्या पिशवीत घालून चुलीजवळ टांगा, खाली करवंटी ठेवा.

या व्यापाराला मोठा धक्का बसला तो १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारामुळे. गोव्यातलं मीठ ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेलं. करार १८९२ मध्ये संपला, पण तोवर आगरवाल्यांचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. मिठाचा सत्याग्रह शिकवताना आपल्या शाळांत हा करारही शिकवला जावा, असं मला तळमळीने वाटतं.

प्रश्न : सुक्या माशांच्या वासाने जनावरं येतात का? — शिबिरप्रमुख, काणकोण

उत्तर : येतात. कुत्री, कोल्हे, रानडुकरं वासावर येतात, माकडं तर दिवसाढवळ्या. सुकी सुंगटं घरीच भाजून, डोकी-शेपट्या काढून फिरकीच्या डब्यात न्या. तिथे फक्त कांदा, ओलं खोबरं आणि सोलं घालून किसमूर कालवा. रात्री सगळं अन्न एका थैलीत भरून तंबूपासून दूर, फांदीला उंच टांगा. तंबूत काहीही ठेवू नका.

मिठाचंही तसंच आहे. गवा, सांबर यांना मिठाची ओढ असते, रानात ती खारी माती चाटायला जातात. म्हणून उरलेलं मीठ, तोरांचा खार, माशांचं धुवण तळाजवळ टाकू नका. मुलं झोपलेल्या जागी गवा यायला नको, आणि माणसाने टाकलेल्या खाण्याची त्याला सवयही लागायला नको. उरलेलं मीठ परत घरी आणा, मीठ नासत नाही.

अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही आणि चूल पेटवायची नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर किती दिवस वणवे पेटले होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. खाजगी बागायतीत, मालकाला विचारून, पाणी हाताशी ठेवून चूल मांडा. निघताना राखेत हात घालता येईल इतकी ती गार करा.

प्रश्न : आमटी खारट झाली तर बटाटा टाकावा का? — इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : बाळा, बटाटा खारट पाणी पितो, नुसतं मीठ वेचून घेत नाही. म्हणून उरलेली आमटी तेवढीच खारट राहते. पाणी आणि बिनमिठाची शिजलेली डाळ वाढव, नारळ असेल तर त्याचा रस घाल, आणि भात अगदी बिनमिठाचा शिजव. एवढं केलंस की पंगत बसेपर्यंत कुणाला कळणारही नाही.